फवारणीचा बोलका डबा : प्रकल्प नोंदी, खरीप २०२४

काम एवढंच: कपाशीवर फवारा मारणाऱ्या मजुराला बाटलीवरचं वाचता येत नसेल तर जे महत्त्वाचं ते ऐकता यावं. जागा यवतमाळ जिल्ह्याचा दक्षिण भाग. एक गाव, त्याला लागून तांडा, आणि दोन किलोमीटरवर कोलाम पोड (कोलाम आदिवासींची वस्ती). २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर सूचनांचे फलक आणि पत्रकं आली, पण ती वाचावी लागतात.

कोणी असंच काही करायला घेतलं तर आमच्या चुका पुन्हा करू नयेत, म्हणून या नोंदी.

१२ मे

सुरुवात मोबाइल अ‍ॅपनं. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग, म्हणजे एक त्रिकोण, रंगीत. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल असला की वरच्या अर्ध्या भागात कवटी. कॅमेऱ्यानं रंग ओळखायचा आणि फोननं सूचना बोलून दाखवायची, अशी कल्पना. कागदावर फार छान दिसली.

२ जून

अ‍ॅप सोडलं. तीन आठवडे गेले. कारणं अशी:

मोठा फोन घरातल्या पोराकडे असतो आणि पोरगा सकाळीच फोन घेऊन बाहेर पडतो. फवारणाऱ्याच्या खिशात बटणांचा फोन, तोही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. ओल्या बोटानं आणि रबरी मोज्यानं स्क्रीन चालत नाही. १०० मिलीच्या बाटलीवर तो त्रिकोण नखाएवढा असतो. उन्हात चकाकला की कॅमेरा पिवळ्याला पांढरा म्हणतो, आणि बाटली ओघळली असेल तर रंगच पुसलेला.

फोन लावून ऐकण्याची सोय करावी का, यावरही एक संध्याकाळ घालवली. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर (फोन लावून लोकांनी आपल्या भागातल्या बातम्या सांगायची-ऐकायची सेवा) २०१० मध्ये साध्या फोनवर सुरू झालं, पण तिथं माणसाला स्वतःचं काही सांगायचं असतं, म्हणून तो फोन लावतो. पंप पाठीवर असताना सूचना ऐकायला कोणी फोन लावणार नाही. शिवाय आमच्या नाल्याकाठच्या वावरांत रेंज नाही.

ठरलं: वेगळा डबा, मोठी बटणं, आत आवाज.

९ जून

चित्रांची चाचणी. फ्लेक्सवर आठ चित्रं छापून घेतली (६४० रुपये), पारावर टांगली आणि एकेकाला विचारलं, "हे काय आहे?" "समजलं का?" असं विचारायचं नाही. सगळे हो म्हणतात.

कवटी: "डीपीवरचं चित्र. हात लावला का करंट बसते." बरोबरच आहे. गावात कवटी दिसते ती विजेच्या खांबावर आणि डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर). एकानं तर बाटलीत करंट कसा राहील, असं आम्हालाच विचारलं.

हातमोजे: नुसता पंजा काढला होता. "कापलेला हात." अवयव शरीरापासून वेगळा काढला की असंच होतं. पूर्ण माणूस काढून मोजे वेगळ्या रंगात दाखवले तेव्हा निम्म्यांना कळलं.

जेवणाच्या ताटावर फुली: "ताट हाय, वर दोन काड्या ठेवल्या." फुली म्हणजे मनाई हे शाळेत गुरुजींनी वहीवर मारलेल्या फुलीतून शिकलेलं असतं. जो शाळेत गेलाच नाही त्याच्यासाठी त्या दोन काड्याच.

वाऱ्याचे बाण: कोणालाच नाही. एक म्हणाला भाला आहे.

चार चित्रं क्रमानं लावली तर कोणी उजवीकडून सुरू करतं, कोणी सगळ्यात मोठ्या चित्रापासून. अक्षर येत नाही म्हणून चित्र द्या, हे आम्ही गृहीत धरलं होतं. चित्र वाचणंही शिकावंच लागतं, हे फ्लेक्सचे पैसे देऊन कळलं.

अंक मात्र जवळजवळ सगळ्यांना येतात. नोटा, एसटीचं तिकीट, फोनचे आकडे, मापाचा काटा. १०८ लिहून दाखवलं की "दवाखान्याची गाडी" हे लगेच. ही गोष्ट पुढे कामी आली.

१६ जून

आवाज. पहिली ध्वनिफीत तालुक्याच्या ठिकाणी स्टुडिओत केली. १,५०० रुपये. मजकूर आमचाच: "कीटकनाशकाचा त्वचेशी संपर्क टाळावा. प्रतिबंधक साधनांचा वापर करावा." लांबी ४८ सेकंद. पंधराव्या सेकंदाला ऐकणारे आपसात बोलायला लागले. एका बाईनं विचारलं, "रेडिओ हाय का?"

पुन्हा केली. फोनवरच, घरात, गोधडी अंगावर ओढून, म्हणजे घुमत नाही. बोलणारी गावातलीच, बचत गटाचा हिशोब सांगणारी, जिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. लिहून दिलं नाही, तोंडी सांगितलं आणि तिनं तिच्या बोलीत बोललं:

"आयका. नोझल अडकलं तं तोंडानं फुकू नोका, काडीनं साफ करा. वारा पाठीवर घ्या. नाकातोंडाले दुपट्टा, हाताले मोजे. फवारा चालू असला का खर्रा घोटू नोका, खाऊ नोका."

१४ सेकंद. आधी सुरुवातीला "भाऊ" होतं, ते काढलं. पाणी आणणं आणि औषध कालवणं बऱ्याच ठिकाणी बायांकडे असतं, आणि "भाऊ" ऐकलं की त्या पुढचं ऐकतच नव्हत्या.

खर्ऱ्याचा मुद्दा कोणत्याच छापील पत्रकात दिसला नाही. तंबाखू-सुपारी हातानं घोटायची, आणि हात औषधाचे. विदर्भात हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगून काय उपयोग.

शब्दांवरून बरीच ओढाताण झाली. इथे कीटकनाशकाला "औषध" म्हणतात. "जहर" म्हणून पाहिलं तर लोकांना वाटलं उंदीर मारायचं. शेवटी "औषध"च ठेवलं.

२३ जून

पहिला डबा. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारी छोटी पट्टी), डीएफप्लेअर मिनी (कार्डावरचा आवाज वाजवणारं मॉड्यूल), ८ जीबी कार्ड, ८ ओहम ३ वॉटचा स्पीकर, १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारा), टीपी४०५६ चार्जिंग पट्टी, ५ व्होल्टसाठी व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूल. त्रिकोणाच्या रंगांची ३० मिमीची चार बटणं, आर्केड खेळात असतात तशी.

यात काय काय बिघडलं:

स्पीकरमधून सतत खरखर. नॅनो आणि डीएफप्लेअरच्या आरएक्स (आज्ञा घेणाऱ्या) पिनमध्ये १ किलोओहम रोधक घातल्यावर गेली. घाईत वगळला होता.

लाल दाबलं की पिवळ्याचा संदेश. फाइल अनुक्रमांकानं वाजवली तर मॉड्यूल नाव पाहत नाही, कार्डावर ज्या क्रमानं कॉपी केल्या तो क्रम धरतं. फोल्डर ०१, फाइल ००१.एमपी३ अशी नावं देऊन फोल्डरनिहाय वाजवण्याची आज्ञा वापरायची. कार्ड एफएटी३२ मध्येच फॉरमॅट केलेलं हवं.

"आयका" मधला "आ" गायब. वाजायला सुरुवात होताना पहिला तुकडा कापला जातो. प्रत्येक फाइलच्या आधी अर्धा सेकंद शांतता जोडली.

आवाज ३० वर (तेच कमाल) ठेवला की मधेच बंद पडून पुन्हा सुरू. मोठ्या आवाजाला वीज एकदम खेचली जाते आणि व्होल्टेज कोसळतं. मॉड्यूलच्या पायाशीच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि आवाज २४. एवढा आवाज दहा पावलांवरून ऐकू येतो.

दोन डीएफप्लेअर जळाले. सेल उलटा बसला होता. आता सेलच्या जागेवर लाल-काळा रंग मारला आहे. हा डबा वाचता येणाऱ्यांनीच जोडला होता, हेही नोंदवतो.

३० जून

डबा कृषी केंद्राच्या काउंटरवर ठेवला. आठवडाभर बटणं दाबली ती पोरांनी आणि आम्ही. औषध विकत घ्यायला येतो तो शेतमालक. फवारणारा मजूर दुकानात येतच नाही.

मग पानठेल्यावर हलवला. सकाळी सात वाजता सगळे मजूर तिथेच असतात. पण तिथे बाटली नसते! बाटली वावरात. त्रिकोणाचा रंग बघून बटण दाबा, हे बाटलीशिवाय कसं जमणार? हे घरी बसून दोन मिनिटांत सुचायला हवं होतं.

१४ जुलै

बॅटरी. २६०० मिलिअँपिअर-तासाचा सेल दीड दिवसात संपतो. मोजलं: काहीही वाजत नसताना नॅनो आणि डीएफप्लेअर मिळून ५ व्होल्टवर ४३ मिलिअँपिअर खातात. बूस्ट मॉड्यूलचा तोटा धरून सेलमधून ६८ च्या आसपास. वावरात रोज चार्जिंग कोण करणार?

बदल असे. नॅनो काढून तिच्याच जातीची प्रो मिनी, ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झची. तिचा पॉवर एलईडी उपटला. बूस्ट मॉड्यूल काढलं, कारण डीएफप्लेअर ३.२ ते ५ व्होल्टवर चालतो. सेल थेट प्रो मिनीच्या व्हीसीसीला आणि डीएफप्लेअरला. डीएफप्लेअरच्या धन तारेत एओ३४०१ हा पी-चॅनेल मॉसफेट (विजेनं चालणारं स्विच): सोर्स सेलकडे, ड्रेन मॉड्यूलकडे, गेट प्रो मिनीच्या पिनला, आणि गेट ते सोर्स १०० किलोओहम. पिन खाली केली (शून्य व्होल्टवर आणली) की मॉड्यूल चालू. मॉसफेट मुंगीएवढा असतो, छोटी अ‍ॅडॅप्टर पट्टी घ्या, नाहीतर डोळे जातात. प्रो मिनी झोपवून ठेवली, बटण दाबलं की जागी होते.

इथे एक खोड निघाली. मॉड्यूलची वीज तोडली तरी त्याचा दिवा मंद पेटलेला. वीज सिरीयल (आज्ञा पाठवायच्या) तारेतून मागच्या दारानं शिरत होती. वीज तोडण्याआधी प्रो मिनीची टीएक्स (आज्ञा पाठवणारी) पिन खाली ओढायची, मग थांबते.

आता दिवसाला साठ वेळा वाजला तरी सेल तीन आठवडे जातो.

पण नवीन दुखणं: झोपेतून उठून कार्ड वाचायला मॉड्यूलला दीड सेकंद लागतो. दीड सेकंद काही झालं नाही की माणूस पुन्हा दाबतो, मग जोरात दाबतो, मग डब्यावर थापटी मारतो. पाच रुपयांचा बझर लावला. बटण दाबताच प्रो मिनी स्वतः "टुक" करते, मग संदेश येतो. थापट्या बंद. संदेश संपल्यावर (बिझी पिन वर गेली की कळतं) मॉड्यूल दोन मिनिटं जागं ठेवलं आहे, म्हणजे लगेच पुन्हा दाबणाऱ्याला थांबावं लागत नाही.

वाजत असताना तेच बटण दाबलं तर? आधी दुर्लक्ष करत होतो. लोकांना वाटलं डबा बिघडला. आता पहिल्यापासून सुरू होतो. दुसरं बटण दाबलं तर लगेच त्याचा संदेश.

२१ जुलै

रंगांची बटणं काढून टाकली.

लोकांच्या लेखी लाल म्हणजे जोरदार, म्हणजे चांगलं औषध. हिरवं म्हणजे हलकं, पैसे वाया. किंवा हिरवं म्हणजे अंगाला काही होत नाही, उघड्या अंगानं मारलं तरी चालतं. त्रिकोणाचा अर्थ आम्ही जो धरला त्याच्या जवळपास उलटा. म्हणून हिरव्या बटणाच्या संदेशात "हिरवं असलं तरी मोजे घाला" टाकलं, मग निळ्यात, मग पिवळ्यात. शेवटी चारही संदेश शेजारी लिहून पाहिले तर फरक दोन वाक्यांचा. चार बटणं आमच्या हौसेसाठी होती.

नवीन मांडणी तीन बटणांची: सुरू करण्याआधी, काम झाल्यावर, आणि तब्येत बिघडली तर. चित्र एकही नाही, वस्तूच चिकटवल्या.

पहिल्या बटणावर खरं पितळी नोझल, पंप दुरुस्तीवाल्याकडून २५ रुपयांत, अराल्डाइटनं चिकटवलेलं. हात लावला की कळतं, बघावंही लागत नाही.

दुसऱ्यावर साबणाची छोटी वडी. खरीच चिकटवली होती. चार दिवसांत उंदरांनी खाल्ली. आता एमसीलची वडी, लाल रंगवलेली.

तिसरं बटण ६० मिमीचं, लाल, वर ठळक १०८. त्याचा संदेश: "चक्कर आली, मळमळ झाली, डोळे चुरचुरले का काम सोडा. वावराबाहेर सावलीत या. भिजलेले कपडे काढा, साबणानं आंग धुवा. ओकारी काढू नोका, मीठपानी पाजू नोका. १०८ ले फोन लावा. औषधाची शिशी संग न्या." शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. बाटलीवर औषधाचं नाव आणि उतारा छापलेला असतो, तो डॉक्टरला वाचता येतो.

४ ऑगस्ट

मावा-तुडतुड्यांच्या फवारण्या सुरू. डबा आता पाण्याच्या २०० लिटरच्या ड्रमला टांगतो. पंप भरायला प्रत्येक जण तिथेच येतो, बाटलीही तिथेच, औषध कालवणंही तिथेच. जागा सापडायला पाच आठवडे लागले.

ड्रम म्हणजे पाणी आलंच. विजेच्या जोडणीचा पीव्हीसी डबा, स्पीकर खालच्या बाजूला, ३ मिमीची भोकं आणि आतून मच्छरदाणीची जाळी. कागदी पडद्याचा स्पीकर दोन पावसांत फुगला, प्लास्टिक पडद्याचा घ्या. बटणांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून, वस्तू ट्यूबच्या वर चिकटवली. आधी ट्यूब वस्तूच्या वर होती, तेव्हा नोझल हाताला लागायचंच नाही.

१८ ऑगस्ट

"किती टाकायचं ते डब्याले सांगाले लावा." सगळ्यांची पहिली मागणी हीच. दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. मात्रा औषधागणिक वेगळी. डबा बाटली ओळखत नाही. चुकीचं सांगितलं तर?

पण अडचण खरी आहे. सगळे टोपणानं मोजतात. इंजेक्शनच्या सिरिंजनं टोपणं मोजली तर एका बाटलीचं टोपण १२ मिली, दुसरीचं २५. "दोन टोपणं" म्हणजे २४ किंवा ५०. पंप तोच, १६ लिटरचा.

त्यासाठी यंत्र लागलंच नाही. कृषी केंद्रवाला विकतानाच लेबलावरून १६ लिटरचा हिशोब करतो आणि ६० मिलीच्या कपावर खूण करून बाटलीसोबत देतो. पहिली खूण मार्करची होती, औषधातल्या द्रावकानं पहिल्याच दिवशी पुसली. चिकटपट्टीचा गोंदही सुटला. आता तापवलेल्या खिळ्यानं कपाच्या भिंतीवर आतून चरा पाडतो. एका औषधाला एकच कप, एकच चरा, आणि कप पॉलिप्रॉपिलिनचाच. चहाचे पातळ कडक प्लास्टिकचे कप अशा औषधानं तडकतात.

५ सप्टेंबर

पोळ्याच्या सुट्टीनंतर पोडावर. मोठ्यांना मराठी समजते पण १४ सेकंदांत नाही. कोलामी बोलणाऱ्या दोघांकडून तिन्ही संदेश करून घेतले. नागरीत लिहून वाचायला दिलं तेव्हा वाचणारा अडखळला, म्हणून संदेश ऐकवला आणि "तुमच्या घरी कसं सांगाल" असं विचारलं. कोलामीत तोच संदेश २१ सेकंद झाला, तसाच ठेवला.

भाषा निवडायला आधी चौथं बटण लावलं होतं. कोणीतरी चुकून दाबलं की दिवसभर डबा परक्या भाषेत. आता डब्याच्या आत सरकतं स्विच: एकीकडे फोल्डर ०१, दुसरीकडे ०२. डबा कुठे जाणार ते बघून आम्हीच सरकवतो. तांड्यासाठी गोरमाटी (बंजारा बोली) फोल्डर ०३ मध्ये येईल तेव्हा तीन ठिकाणांचं स्विच लागेल.

२९ सप्टेंबर

पाच डबे फिरतीवर. एका डब्याचा खर्च रुपयांत: प्रो मिनी २५०, डीएफप्लेअर १३०, कार्ड २२०, स्पीकर ९०, सेल १८०, टीपी४०५६ ३०, बटणं १३५, पीव्हीसी डबा १६०, मॉसफेट-रोधक-कपॅसिटर-बझर-वायर ८०, नोझल-एमसील-ट्यूब ७०. एकूण १,३४५. वाया गेले ते वेगळे: फ्लेक्स ६४०, स्टुडिओ १,५००, दोन जळके डीएफप्लेअर २६०, नॅनो आणि बूस्ट ४१०, म्हणजे २,८१०.

डबा क्रमांक ३ परत आला. आत लाल मुंग्या, स्पीकरच्या जाळीतून. तारा जिथून आत येतात त्या भोकांत गरम गोंद भरला, जाळी दुहेरी केली.

डबा ५ चं साबणाचं बटण सगळ्यात कमी दाबलं जातं. काम संपलं की कोणी ड्रमपाशी थांबत नाही, पाणीही उरलेलं नसतं. आता शेवटचा पंप भरतानाच मुकादम ते बटण दाबतो आणि अर्धी बादली पाणी बाजूला काढून ठेवतो. साबणाची वडी डब्याच्या कडीला सुतळीनं बांधली आहे, ही खरी. उंदीर ड्रमवर चढत नाहीत, निदान अजून तरी.

राहिलेलं: कपाशी डोक्याच्या वर गेली की फवारा अंगावरच पडतो, त्यासाठीचं वाक्य नोझलच्या संदेशात बसवायचं आहे. संदेश १४ सेकंदांच्या पुढे जाऊ न देता.